अटक

गुजरातीत आडनावाला 'अटक' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. १९९४ च्या जून महिन्यात एका हातात नेमणुकीचा कागद आणि दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी घेऊन मी अमळनेरहून सुरतेला उतरलो. शाळेच्या कचेरीत गेलो. तिथल्या वयस्कर कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, तमारी अटक?" माझ्या पोटात गोळाच आला. नोकरीचा पहिला दिवस, अजून खुर्चीवर बसलोही नाही, आणि हा गृहस्थ अटकेची भाषा करतो! "अहो, मी काय केलंय?" असे मी मराठीतच बोलून गेलो. सगळी कचेरी हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. दुपारी त्याच कारकुनाने मला आपल्या डब्यातला ठेपला दिला आणि अटक म्हणजे काय ते समजावले.

दुभाषी मुलखात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात असा एखादा विनोद असतोच. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकच शब्द दोन कानांनी ऐकावा लागतो. पण पुढे तीस वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर हाताळताना हा विनोद माझ्यासाठी विनोद राहिला नाही. आडनाव ही माणसाची ओळख की माणसाला झालेली अटक? ते टाकून देण्याचा, बदलण्याचा त्याला नैतिक अधिकार आहे का? आणि ज्याच्या हातात रजिस्टर आणि लेखणी आहे, त्याचा त्यात अधिकार कितपत? तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालो, तेव्हा हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. तो मला एका बापाने घातला, आणि मी त्याचे उत्तर चुकीच्या रीतीने दिले. त्याची ही हकिगत.

सध्या मी इच्छापोरला मुख्याध्यापक आहे. सुरतहून तापी ओलांडून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. 'पोर' म्हणजे पूर, नवसारीजवळच्या विजलपोरमध्ये आहे तेच. पण मराठी कानाला त्यात लेकरू ऐकू येते, आणि शाळा चालवणाऱ्या माणसाला ते बरेही वाटते. एका बाजूला हिरे-दागिन्यांच्या उद्योगांची वसाहत, पुढे हजीऱ्याचे मोठमोठे कारखाने, आणि त्यांच्या पलीकडे सुवालीचा किनारा, जिथे १६१२ साली इंग्रजांची आणि पोर्तुगिजांची जहाजे एकमेकांना भिडली होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे पोट भरायला येतात. त्यामुळे माझ्या हजेरीपटावर पटेल आणि राठोड यांच्या शेजारी यादव, मिश्रा, साहू, बेहेरा, महाजन आणि पाटील बसलेले असतात. भूगोलाच्या तासाला नकाशा टांगण्याची गरज नाही, हजेरी घेतली तरी भागते.

आडनावांचा मला नाद आहे. त्यातून एक साधी गोष्ट ध्यानात आली. आपण 'कर' लावून गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवतो आणि समजतो की हे आपल्या मुळाचे प्रमाणपत्र आहे. पण नाशकात राहणाऱ्याला नाशिककर म्हणून वेगळे ओळखण्याचे कारणच काय? तिथे सगळेच नाशिककर. हे नाव त्याला चिकटते ते तो नाशिक सोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड करतो तेव्हा, आणि ते देतात नव्या गावचे लोक. म्हणजे 'कर' हा प्रत्यय गावात राहिल्याचा नव्हे, गाव सोडल्याचा दाखला आहे. माझ्या स्वतःच्या आडनावातही असे एक गाव आहे. ते मी एकदाच, एस.टी.च्या खिडकीतून पाहिले आहे.

ही रीत आपल्यापुरती नाही. जर्मन भाषेत गावाच्या नावाला 'अर' लावून अशीच आडनावे होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले आडेनाउअर म्हणजे आडेनाउ गावचे. अणुबाँबमुळे जगाला माहीत झालेले ओपेनहायमर म्हणजे ऱ्हाइनकाठच्या ओपेनहाइमचे. त्यांचा जन्म मात्र न्यूयॉर्कचा. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. ही कुटुंबे अमेरिकेत गेली तेव्हा कित्येक म्युलर मिलर झाले आणि श्मिट स्मिथ झाले. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नावे बदलली अशी दंतकथा सांगतात. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचे कारकून तर जहाजाच्या यादीवरूनच नावे तपासत. बदल बहुधा माणसांनी स्वतःच केला, पुढे, हळूहळू, शेजाऱ्याच्या जिभेला सोपे जावे म्हणून.

आता आपल्या पाटलांकडे वळू. 'पाटील' आणि 'पटेल' ही एकाच घरातली दोन भावंडे. जुन्या लेखांतल्या 'पट्टकिल' या शब्दापर्यंत त्यांचे मूळ नेतात. दोन्ही मुळात आडनावे नव्हेत, हुद्दे. गावाचा मुखिया तो पाटील. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातली मुलकी पाटीलकी गेली; हुद्दा गेला, आडनाव राहिले. आमच्या खानदेशात, यावल-रावेर-भुसावळ भागात, लेवा पाटीदार समाजाची मोठी वस्ती आहे. आपले पूर्वज गुजरातेतून तापीच्या खोऱ्यात आले, असे त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बहिणाबाई चौधरी याच समाजातल्या, आणि त्यांच्या ओव्या त्याच लेवा बोलीतल्या. 'चौधरी' हे आडनाव घेतले तर ते खानदेशच्या लेवांत आहे, मेहसाण्याच्या शेतकऱ्यांत आहे आणि इथल्या मांडवी-व्यारा भागातल्या आदिवासींतही आहे. नाव एक, वाटा तीन. आडनावावरून माणूस ओळखतो म्हणणाऱ्याने एकदा सुरत जिल्ह्यात येऊन चौधरी ओळखून दाखवावा.

जे पूर्वी तापीच्या काठाने वर गेले असे म्हणतात, त्यांचे वंशज गेली साठ-सत्तर वर्षे तापीच्या काठाने खाली येत आहेत. साधारण १९०० साली सुरू झालेल्या तापी खोऱ्यातल्या रेल्वेने अमळनेर, नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असे करत उधन्याला उतरायचे आणि यंत्रमागावर किंवा डाइंग मिलमध्ये कामाला लागायचे. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. त्याचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथल्या बाकाच्या मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावे लिहिलेली आहेत. ३० एप्रिल १९६० पर्यंत जळगाव आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेघ उमटली. बाकावर बसणाऱ्याला मात्र ती टोचत नाही.

१९९६ च्या जूनमध्ये उधन्याकडच्या एका मराठी शाळेत मी प्रवेशाच्या टेबलावर होतो. एक गृहस्थ मुलाला पाचवीत घालायला आले. अंगात धुतलेला, पण रंगाचे डाग न गेलेला सदरा. डाइंग मिलमधला कामगार. यावल तालुक्यातले लेवा. मुलाच्या जन्मदाखल्यावर 'पाटील' होते. मी लिहायला लागलो तसे ते खाली वाकून हळूच म्हणाले, "सर, पटेल लिहा ना. पोराले सोपं जाईन."

मी लेखणी खाली ठेवली. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आणि परमुलखात आल्यावर मराठीपण जरा अधिकच अंगात आले होते. भोवती दहा-बारा पालक उभे होते. त्या सर्वांसमक्ष मी त्यांना व्याख्यान दिले. "अहो पाटील, चार दिवस इथलं पाणी प्यालात आणि बापजाद्यांचं नाव टाकायला निघालात? लाज वाटायची ती आपल्या नावाची? मुलाला उद्या काय शिकवाल?" आणि 'पाटील' हा शब्द टाकाने ठसठशीत लिहिला. ते गृहस्थ नुसते "तुमचं बरोबर हाये सर" म्हणाले आणि मुलाचा हात धरून निघून गेले. मागच्या पालकांपैकी कोणीतरी "वा सर!" म्हणाले. मला त्या दिवशी फार बरे वाटले, हे कबूल करतो.

नियम माझ्या बाजूने होता. जन्मदाखल्यावर जे असेल तेच रजिस्टरला. त्यात शिक्षकाने काना-मात्रेचाही फरक करायचा नसतो. आजही कोणी तसे मागितले तर मी 'पाटील'च लिहीन. म्हणून कितीतरी वर्षे या प्रसंगाकडे मी अभिमानाने पाहत होतो. विद्यार्थ्यांना तो गोष्टीसारखा सांगतही असे. माझी बाजू अशी: नाव ही पूर्वजांची ठेव. ती सोयीसाठी मोडून खायची नसते. आज नाव सोडाल, उद्या भाषा सोडाल, परवा माणसे सोडाल.

या युक्तिवादाला पहिला तडा गेला तो इतिहास शिकवताना. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. मुलांना हे नाव तोंडपाठ असते, पण ते नाव किती जुने, हे कोणी विचारीत नाही. ते फक्त १९१७ चे. त्याआधी हे घराणे बॅटनबर्ग, म्हणजे जर्मनीतल्या हेसे प्रांतातल्या एका लहानशा गावाचे नाव लावणारे. तेही मूळचे नव्हे. १८५१ साली हेसेच्या एका राजपुत्राने आपल्याहून खालच्या दर्जाच्या मुलीशी लग्न केले. तिला आणि तिच्या मुलांना घराण्याचे नाव मिळेना, तेव्हा या गावाचे नाव पदवी म्हणून दिले गेले. त्यांचा मुलगा इंग्लंडच्या आरमारात चढत चढत प्रमुखपदी पोचला. पण १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध पेटले आणि जन्माने जर्मन म्हणून लोकांनी त्याच्याविरुद्ध एवढा गहजब केला की ऑक्टोबरमध्ये त्याला पद सोडावे लागले. १९१७ च्या जुलैत त्याने जर्मन 'बर्ग'चे, म्हणजे डोंगराचे, इंग्रजी 'माउंट' केले, ते पुढे आणले, आणि बॅटनबर्गचा माउंटबॅटन झाला. त्याच महिन्यात खुद्द इंग्लंडच्या राजघराण्याने आपले जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले.

म्हणजे सुवालीच्या किनाऱ्यावर ज्यांची गलबते लागली, त्या राज्याची इथली शेवटची दप्तरे ज्याने आवरली, त्याचे आडनाव जेमतेम तीस वर्षांचे होते. राजाने आडनाव बदलले तर आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. रंगाचे डाग पडलेल्या सदऱ्यातल्या माणसाने एक मात्रा बदलायची विनंती केली तर त्याला लाज काढून दाखवतो. माझ्या तत्त्वज्ञानाची ही दोन मापे मला वर्गात उभ्या उभ्या दिसली. तरीही मनातून मी म्हणत होतो: मोठ्यांनी केले म्हणून बरोबर ठरत नाही, लाजेपोटी नाव टाकणे हे वाईटच.

दुसरा तडा गेला या वर्षीच्या जूनमध्ये.

नववीच्या प्रवेशासाठी एक पालक मुलीला घेऊन माझ्या खोलीत आले. वय चाळिशीच्या आतले, हजीऱ्याच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक. माझ्याकडे पाहून हसले आणि वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलं नाहीत. पाचवीला तुम्हीच माझं नाव लिहिलं होतं." तो मुलगा! मला आनंद झाला. चहा मागवला, वडिलांची चौकशी केली. ते २००९ मध्ये गेले. आणि मग त्याने अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता, जे सांगितले त्याने माझा चहा कपात तसाच राहिला.

मिलच्या मेहताजीने पहिल्या दिवशीच मस्टरवर त्याच्या वडिलांचे नाव 'पटेल' लिहिले होते. विचारले नाही, ऐकले तसे लिहिले. पगार त्याच नावाने, भविष्यनिर्वाह निधीही त्याच नावाने. वडील चौथी शिकलेले. त्यांना एवढेच उमगत होते की आपल्या कागदावर एक आणि मुलाच्या कागदावर दुसरे असेल, तर उद्या आपल्यामागे पैशासाठी हा कोणाचा मुलगा म्हणून उभा राहील? म्हणून त्यांनी शाळेत ती विनंती केली. ते नाव टाकायला आले नव्हते, मुलाला आपल्याशी जोडून घ्यायला आले होते. आणि झाले त्यांना वाटले होते तसेच. ते गेल्यावर 'पटेल' आणि 'पाटील' हा एकच मनुष्य होता, हे सिद्ध करायला आई आणि मुलगा दीड वर्ष हेलपाटे घालत होते. गावच्या दाखल्यापासून सोगंदनाम्यापर्यंत सगळे कागद झाले, तेव्हा कुठे पैसे सुटले.

"बाबा त्यानंतर शाळेत कधी आले नाहीत," तो म्हणाला. "पालकसभेला आईच यायची. बाबा म्हणायचे, सर शिकलेले आहेत, आपल्याला त्यांच्यापुढं सांगता येत नाही."

ते वाक्य माझ्याच्याने अजून पचत नाही. मी नोंद बरोबर केली होती. पण एक प्रश्न विचारला नव्हता: "का?" एवढे विचारले असते तर कळले असते की चूक शाळेच्या कागदात करायची नाही, मिलच्या कागदातली काढायची आहे. एक अर्ज लिहून द्यायला मला पाव तास लागला असता, आणि त्या काळी ते काम सोपे होते, माणूस जिवंत होता. मी पाव तासाऐवजी पाच मिनिटांचे व्याख्यान दिले. खरे बोलण्याचे समाधान घेतले आणि त्याची किंमत दुसऱ्या घराने दिली.

तेव्हापासून माझ्या मूळ प्रश्नाचा रोखच बदलला. आडनाव बदलावे की बदलू नये, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न असा की, लेखणी कोणाच्या हातात आहे आणि ती चालवण्याआधी तो ऐकतो का. जर्मनीत १९३८ च्या ऑगस्टमध्ये नाझी सरकारने हुकूम काढला आणि नावावरून ज्यू म्हणून ओळखू न येणाऱ्या ज्यूंना नव्या वर्षापासून आपल्या नावापुढे पुरुषांनी 'इस्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' लावणे सक्तीचे केले. तिथे नाव ही खरोखरच मराठी अर्थाने अटक होती. पुढच्या अटकेची तयारी होती. आणि आपल्याकडे साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यावरून आंबडवेकर, आणि त्याचे 'आंबेडकर' एका शिक्षकाच्या मायेमुळे झाले असे सांगतात. ते नाव त्या मुलाने पुढे कोणत्या उंचीवर नेले हे सांगायला नको. शाळेची दौतच ती. एका ठिकाणी हुकूम, एका ठिकाणी माया, आणि माझ्या टेबलावर अहंकार.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. आपल्यातला कोणी कानडी मुलखात नावाला 'गौडा' जोडून घेतो, कोणी गुजरातेत पटेल होतो, कोणी तीन पिढ्या उलटल्या तरी 'कर' सोडत नाही. आपण दिवाळीला जमलो की अशांबद्दल बोलतो, आणि आपले बोलणे फार लवकर निकालापर्यंत जाते. लाजेपोटी, लबाडीपोटी नाव बदलणारेही असतात, नाही असे नाही. दुसऱ्याच्या हक्काची जागा मिळवायला खोटे आडनाव लावणे हा गुन्हाच. पण प्रत्येक बदललेल्या नावामागे गद्दारी शोधणे म्हणजे आपले आडनाव मुळात आपल्याच पूर्वजांच्या एखाद्या बदलातून आलेले आहे, हे विसरणे. आणि आता तर 'पाटील' हे नाव इथे परके उरलेलेही नाही. आमचे इच्छापोर ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येते, तिथून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून निवडून येत आहेत. ज्या गोष्टीसाठी मी १९९६ मध्ये एवढा लढलो, ती माझ्या लढण्यावाचूनही टिकून राहिली असती.

त्या दिवशी मुलीचा प्रवेशअर्ज माझ्यासमोर होता. 'अटक' हा रकाना रिकामा होता. मी लेखणी उचलली नाही. त्याला विचारले, "काय लिहू?" तो म्हणाला, "पाटीलच सर. आता सगळे कागद एक आहेत. मी आधी तेच केलं." मग मुलीकडे वळून म्हणाला, "तूच लिही गं." तिने गुजरातीत लिहिले, आधी आडनाव, मग स्वतःचे, मग बापाचे. अक्षर सुरेख आहे तिचे.

मी अर्ज दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. हल्ली प्रत्येक पालकाला दाखवतो. प्रवेशाच्या दिवशी रांग लांबते, कारकून कुरकुरतात. जाताना तो वडिलांचा एक जुना फोटो दाखवून गेला. मिलच्या फाटकाशी उभे असलेले ते, आणि छातीवर नावाचा बिल्ला. बिल्ल्यावर 'पटेल' लिहिले होते. ते हसत होते.